दूरची लढाई आणि घरची वेस

(पाराशा लेख लेखा)



तिश्रीचे सण आटोपतात, सुक्का उतरते, सिमहात तोराला वाचन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि तिसऱ्याच शब्बाथला लेख लेखा ही पाराशा येते. आपल्या समाजात या पाराशावर बोलायचे म्हटले की बहुधा एकच विषय निघतो: देश सोडणे, गोत सोडणे, बापाचे घर सोडणे. ते साहजिकच आहे. कोणी अलिबागहून निघाले, कोणी पेण-रोह्याहून, कोणी भायखळ्याच्या चाळीतून. आणि दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा येथे येऊन नवे बिऱ्हाड मांडले. अब्राहाम अवीनूने ऐकलेली आज्ञा आपण स्वतःच्या पायांनी चालून पाहिली आहे.

परंतु या पाराशाच्या मध्यावर एक प्रकरण आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. उत्पत्तीच्या पुस्तकाचा तो चौदावा अध्याय. त्यात एका दूरच्या लढाईची हकीकत आहे आणि आज आम्हांला तिच्याविषयीच चार शब्द बोलायचे आहेत.

हकीकत अशी. चार राजे पाच राजांवर चालून आले. त्या चारांत एक एलामचा होता, एक शिनारचा. म्हणजे आजच्या इराण-इराकच्या बाजूचे, आखाताच्या टोकाकडचे. त्यांनी सदोम आणि अमोरा लुटले, माणसे धरून नेली. त्या कैद्यांत अब्राहामचा पुतण्या लोट होता. जीव वाचवून पळालेला एक माणूस हेब्रोनजवळ मामरेच्या राईत आला आणि त्याने ही बातमी अब्राहामच्या कानावर घातली.

आता विचार करा. ही लढाई अब्राहामची नव्हती. त्याला गादी नको होती, मुलूख नको होता. लोटानेही चांगली कुरणे पाहून आपण होऊन वेगळी चूल मांडली होती आणि सदोमची वाट धरली होती. ‘त्याचे तो निस्तरील’ असे म्हणून अब्राहाम तंबूच्या सावलीत बसला असता तर कोणी बोल लावला नसता. पण त्याने घरची ३१८ माणसे उठवली, दानपर्यंत पाठलाग केला, रात्री छापा घातला आणि दमास्कसच्या उत्तरेपर्यंत जाऊन कैदी सोडवून आणले. आपले हाखामीम तर आणखी एक गंमत सांगतात. अलियेझेर हे नाव इब्री अक्षरांच्या आकड्यांनी मोजले तर बेरीज ३१८ येते. तेव्हा अब्राहामबरोबर एकटा अलियेझेर, घरचा एक नोकर, तेवढाच गेला होता. फौज असो वा एकच नोकर, गेली ती घरातली साधी माणसे. राजांचे शिपाई नव्हेत.

या हकीकतीतल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, अब्राहामबरोबर आनेर, एश्कोल आणि मामरे हे तिघे होते. ते अमोरी, म्हणजे परक्या जातीचे. शेजारी म्हणून आले. दुसरी, अब्राहाम निघाला लोटासाठी, पण परत आणले ते सगळ्यांना, सदोमच्या बायामाणसांनाही. ‘माझा पुतण्या मिळाला, बाकीचे तुमचे तुम्ही पाहा’ असे तो म्हणाला नाही. तिसरी, सदोमचा राजा लूट देऊ लागला तेव्हा त्याने सुताचा धागा किंवा पायतणाचा बंदसुद्धा घ्यायला नकार दिला. मात्र सोबत्यांचा वाटा त्यांना मिळावा हे सांगायला तो विसरला नाही.

येथे आपल्या मनात एक शंका येते आणि ती सिनेगॉगच्या ओट्यावर पुष्कळ वेळा बोलूनही दाखवली जाते. ‘आपल्याच घरात काय कमी आहे? आपलीच मुले वर्दीत आहेत, आपलेच म्हातारे एकटे आहेत, आपल्याच विधवांना औषधाला पुरत नाही. दूरच्यांची काळजी आपण कशाला वाहायची?’ ही शंका हलकी नाही आणि ती घेणारा माणूस वाईट नाही. तालमूदनेही तिची दखल घेतली आहे. दान करताना आपल्या गावचा गरीब आधी, परगावचा मागून, असा स्पष्ट नियम बाबा मेसिया या भागात दिला आहे.

आमचे आयुष्य फळ्यासमोर गेले, त्यामुळे शब्द फोडून दाखवायची खोड जात नाही. ‘बाबा’ हा अरामी शब्द. त्याचा अर्थ दार, वेस. बाबा कामा म्हणजे पहिली वेस, बाबा मेसिया म्हणजे मधली वेस, बाबा बात्रा म्हणजे शेवटची वेस. तोच शब्द अरबीत ‘बाब’ होतो. आणि तोच फारसीच्या वाटेने आपल्या मायबोलीत आला: ‘ही बाब गंभीर आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा हीच वेस आपल्या तोंडी असते. मोशे रब्बेनूंनी तोराच्या पाचव्या पुस्तकात परदेशी, अनाथ आणि विधवा यांची आठवण दिली आहे, तीही पुन्हा पुन्हा वेशीचे नाव घेऊन: तुझ्या वेशीच्या आत असलेला.

तेव्हा आपल्या गावचा गरीब आधी, हा नियम मधल्या वेशीवर लिहिलेला आहे असे समजा. वेस ही आत-बाहेर करण्यासाठी असते. आधी आतल्याचे पाहावे आणि मग वेस उघडावी. ‘आधी’ याचा अर्थ ‘तेवढेच’ असा नाही. उलट तालमूदच्याच गित्तीन भागात सांगितले आहे की इस्राएलच्या गरिबांबरोबर परजातीच्या गरिबांनाही पोसावे, त्यांच्या आजाऱ्यांना भेटावे, त्यांच्या मेलेल्यांना माती द्यावी, कारण शांतीचा मार्ग तो आहे. अब्राहामनेही तेच केले. लोट आधी, पण लोटाबरोबर सगळे.

आता एका खऱ्याखुऱ्या वेशीकडे वळू. बहरीनच्या मनामा शहरात ‘बाब अल बहरीन’ नावाची एक कमान आहे. इंग्रज सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह याने ती १९४० च्या दशकात उभी केली. त्या काळी समुद्राचे पाणी तिच्या जवळपर्यंत येत असे. पुढे भराव पडला आणि समुद्र मागे सरला. कमानीतून आत गेले की जुना बाजार लागतो. कापड, मसाले, सोने, मोती. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात येत आणि तिथे १९६५ पर्यंत रुपयाच चालत असे, तेव्हा मुंबईकराला ती जागा फारशी परकी वाटू नये. याच बाजाराच्या परिसरात हिंदूंचे श्रीनाथजींचे देऊळ आहे, मशिदी आहेत, आणि आपल्या धर्मबांधवांचे एक लहानसे सिनेगॉगही आहे. तिथले ज्यू बहुतेक इराककडून आलेले. बगदादी मंडळींचे गोत मुंबईत होते तसेच तिथेही.

१९४७ च्या २९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव केला. इकडे चकमकी सुरू झाल्या आणि बातम्या मनामाला पोहोचल्या. तिथल्या लोकांना आपल्या अरब भावांची चिंता वाटली. वाटणारच, रक्ताचा आणि भाषेचा संबंध होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मोर्चे निघाले. इथवर कोणी नावे ठेवू नयेत, दूरच्या दुःखाने माणूस हलतो हे त्याच्या मनाच्या मऊपणाचे लक्षण आहे. पण मोर्चा बाजारातून वळला तो ज्यूंच्या घरांकडे. घरे, दुकाने लुटली गेली, सिनेगॉग उद्ध्वस्त झाले, एका वृद्ध बाईचा जीव गेला. त्या बाईचा पॅलेस्टाईनच्या लढाईशी काय संबंध होता? ती मनामाची, तिची चूल मनामाची.

आणि त्याच दिवसांत, त्याच गल्ल्यांत, काही मुसलमान शेजाऱ्यांनी आपली दारे उघडून ज्यू कुटुंबांना आत घेतले. त्यांनाही त्याच बातम्या कळल्या होत्या. पॅलेस्टाईनच्या अरबांविषयी त्यांचे काळीज इतरांइतकेच तुटत असणार. परंतु दूरच्या भावाचे दुःख त्यांनी जवळच्या शेजाऱ्यावर उगवले नाही.

बंधुभगिनींनो, या प्रवचनात सांगायची गोष्ट एवढीच आहे. दूरच्या लढाईची बातमी आली की मनात कळवळा उठतो. तो कळवळा एका ठिकाणी स्वस्थ बसत नाही. त्याला हाताचे काम मिळाले तर तो औषध होतो, अन्न होतो, उघडे दार होतो. काम मिळाले नाही तर तो आंबतो, त्याचा राग होतो. आणि राग दूर जाऊ शकत नाही म्हणून शेजारच्या दारावर दगड मारतो. मनामात त्या एका आठवड्यात दोन्ही दिसले.

हाताला काम मिळाल्याची उदाहरणे शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. १९३७ साली जपानने चीनवर मोठी स्वारी केली. हिंदुस्थान तेव्हा स्वतः पारतंत्र्यात होता. तरी १९३८ मध्ये चीनसाठी दिवस पाळले गेले, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले आणि सुमारे २२,००० रुपये जमले. सप्टेंबरात पाच डॉक्टर बोटीने निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांनी तिथे जखमींची शुश्रूषा केली, चिनी भाषा आत्मसात केली, परिचारिका असलेल्या गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराने त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये काढलेला चित्रपट आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाहिला आणि आपणांस सांगितला. या गोष्टीत डॉक्टर मोठा, यात शंका नाही. पण ते २२,००० रुपये कोठून आले? ज्यांनी चीन कधी पाहिला नव्हता अशा माणसांच्या खिशातून आले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत.

दुसरे उदाहरण कोल्हापूरजवळचे, वळिवड्याचे. १९४० पासून रशियाने पोलंडच्या हजारो कुटुंबांना घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकले होते. पुढे सुटका झाल्यावर ती माणसे इराणमार्गे निघाली. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही. बायका आणि मुले जास्त. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला, आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांच्या शाळा झाल्या, दवाखाना झाला, प्रार्थनामंदिर झाले. पोलंड नकाशावर दाखवता येणार नाही अशा शेतकऱ्याने आणि दुकानदाराने त्यांना शेजार दिला. पोलिश मंडळी गेल्यावर फाळणीत घरे गमावलेले सिंधी तिथे राहायला आले. आजचे गांधीनगर ते हेच. पोलंडचे लोक ही आठवण विसरले नाहीत. वॉर्सामध्ये कोल्हापूरचे स्मारक आहे.

त्याच काळात आपल्या ज्यू बांधवांवर जर्मनीत आणि ऑस्ट्रियात आकाश कोसळले होते. मुंबईत १९३४ साली ज्युइश रिलीफ असोसिएशन निघाली. येणारा निर्वासित सरकारवर भार होणार नाही, अशी हमी ती देत असे. हमी देणे म्हणजे काय हे आपण जाणतो. दुसऱ्याच्या पोटाची जबाबदारी आपल्या सहीवर घेणे.

आणि आता सर्वांत जुने उदाहरण, जे आपले स्वतःचे आहे. आपले वाडवडील सांगत आले की गालीलमध्ये अंतिओखस राजाचा जुलूम झाला तेव्हा आपले पूर्वज जहाजाने निघाले आणि कोकणच्या किनाऱ्यावर, नवगावपाशी, जहाज फुटले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीचे पाण्यातून किनाऱ्याला लागले ते प्रेत होऊन. नवगावला आज स्मारकाचा स्तंभ आहे, तिथे आपल्यांपैकी कित्येक जण जाऊन हशकाबा म्हणून आले असतील.

त्या दिवशी किनाऱ्यावर कोण होते? कोळी असतील, आगरी असतील, माडाच्या वाडीत काम करणारे असतील. त्यांना अंतिओखस ठाऊक नव्हता. येरुशलाईम ठाऊक नव्हते. ती लढाई त्यांची नव्हती. समोर चौदा ओली, थरथरणारी माणसे होती आणि वाळूवर मेलेली होती. त्या गाववाल्यांनी मेलेल्यांना माती मिळू दिली आणि जिवंतांना राहायला जागा दिली. गित्तीनमध्ये आपल्या हाखामींनी जे सांगितले तेच त्यांनी केले, आणि त्यांनी तालमूद पाहिलाही नव्हता. पुढे तेच लोक आपल्याला शनिवार तेली म्हणू लागले, म्हणजे आपला शब्बाथही त्यांनी आपल्या नावात जपला. त्या दिवशी कोकणाने वेस बंद केली असती तर बेने इस्राएल हे नाव घ्यायला कोणी उरले नसते. दूरच्या लढाईने पोळलेल्यांना साध्या माणसांनी केलेली मदत हा विषय आपल्याला बाहेरचा नाही. आपला वंशच त्या मदतीतून आला आहे.

अलीकडची गोष्ट घ्या. ७ ऑक्टोबर २०२३ ला लढाई दूर राहिली नाही, ती आपल्याच उंबरठ्यात आली. त्या दिवशी नीर ओझ किबुत्समध्ये केरळहून आलेल्या दोन सेविका एका वृद्ध जोडप्याची सेवा करीत होत्या. हल्लेखोर घरात शिरले तेव्हा त्या दोघींनी सुरक्षित खोलीचे दार आतून धरून ठेवले, तासन्‌तास, हात सुटू दिला नाही. ते म्हातारे जोडपे वाचले. ही लढाई त्या दोघींची नव्हती. त्यांचे घर, त्यांची माणसे केरळात. मामरे आणि एश्कोल कसे असतील हे आता आपण तोराबाहेरही पाहिले आहे.

त्या दिवसापासून आपल्या घराघरांत काय चालले आहे हे सांगायला नको. ज्या आईने रात्र रात्र दाराकडे कान लावून काढली, तिला परक्याच्या मुलासाठी रड असे कोणी सांगू नये. आपला गरीब आधी, आपला जखमी आधी, आपला कैदी आधी. नियम तसाच आहे. पण नियमाची दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य आहे. जगात ठिकठिकाणी आज असे घडते की इथल्या लढाईचा राग तिथल्या सिनेगॉगच्या दारावर निघतो, आणि आपण म्हणतो, हा अन्याय आहे. अगदी बरोबर, मनामाच्या त्या वृद्ध बाईवर झाला तसाच तो अन्याय आहे. मग तोच मापदंड आपल्या गल्लीतही लावला पाहिजे. औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून औषध देणारा अरब तरुण, दवाखान्यात रक्त काढणारी अरब परिचारिका, बसचा चालक, यांच्याशी आपण कसे बोलतो? फोनवर आलेले चित्र पाहून उठलेला आपला संताप त्यांच्यावर तर उतरत नाही ना? वेशीवर उभे राहून हा हिशेब प्रत्येकाने आपला आपण करावा.

मनामाचे ते सिनेगॉग आज ओसाड नाही. त्या दंग्यानंतर आणि पुढे १९६७ नंतर बहुतेक कुटुंबे देश सोडून गेली. मोजकी घरे उरली. तरी उरलेल्यांनी तिथेच राहून आपले नाव टिकवले. २००८ मध्ये त्याच समाजातील हूदा नूनू या बाई बहरीनच्या अमेरिकेतील राजदूत झाल्या. १५ सप्टेंबर २०२० ला इस्राएल आणि बहरीन यांनी वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या केल्या, आणि २०२१ मध्ये सिनेगॉगचे नूतनीकरण होऊन तिथे पुन्हा प्रार्थना झाली. राजांचे करार राजे करतात. पण १९४७ मध्ये ज्यांनी दार उघडले त्यांनी काही कुटुंबांना जगवले, आणि जगलेली माणसेच पुढे प्रार्थनेला उभी राहतात.

आता शेवटी हाताचे काम. ऐकून घरी जाण्यापुरते प्रवचन कामाचे नाही.

शुक्रवारी दिवे लावण्याआधी सदाकाच्या डब्यात नाणे टाकण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. ती पुढे चालू ठेवावी, आणि मुलांच्या हातून नाणे टाकवावे. पहिले नाणे आपल्या माणसांसाठी असावे. दुसरे, लहान का असेना, अशा कोणासाठी असावे की ज्याची भाषा आपल्याला येत नाही: युक्रेनमध्ये २०२२ पासून घरे गमावलेले असतील, सुदानमध्ये २०२३ पासून उपाशी भटकणारे असतील. पैसा थोडा आहे म्हणून लाजू नये. चीनला गेलेल्या औषधांत आणेवाल्यांचे आणेही होते.

ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्याकडे वेळ आहे. आपल्या इमारतीत एखादे कुटुंब लढाईतून पळून नव्याने आले असेल तर त्यांना कार्यालयातले कागद भरून द्यावेत. आपण आलो तेव्हा इब्री अक्षरे उलट्या बाजूने लावीत बसलो होतो, ते आठवावे. आणि ज्यांच्याकडे वेळही नाही, त्यांनी निदान जीभ सांभाळावी. परक्या लेकराच्या मरणावर शब्बाथच्या जेवणात टाळी पडू देऊ नये. शेजारी कुमारवयीन नातू बसलेला असतो. तो आपल्याकडूनच शिकतो.

आणि केलेल्या मदतीबद्दल धाग्याचीही अपेक्षा ठेवू नये. अब्राहामने सुताचा धागा घेतला नाही. नवगावच्या कोळ्यांना आपण काहीच देऊ शकलो नाही. त्यांची नावेही आपल्यापाशी नाहीत. ते देणे फेडायची एकच रीत उरली आहे: पुढच्या फुटलेल्या जहाजाची माणसे आपल्या किनाऱ्याला लागतील तेव्हा त्यांच्यासाठी वेस उघडणे.

मलिद्याच्या वेळी आपण एलियाहू हन्नबीचे नाव घेतो आणि तो येईल अशी आशा धरतो. तो कोणत्या रूपात दारी येईल हे आपल्याला सांगितलेले नाही. म्हणून दार लावण्यापूर्वी बाहेर एकदा पाहावे.

परमेश्वर आपल्या मुलांना सुखरूप घरी आणो, कैद्यांना सोडवो, जखमींना बरे करो, आणि आपल्या वेशीच्या आत व वेशीच्या बाहेर शांती नांदो. आमेन.

शब्बाथ शालोम.